जूनचं ठरलं होतं, कुमुद

ये गं इकडे, कुमुद. अशी जवळ बस. दारात उभं राहून बोलायची तुझी सवय मला कधीच आवडली नाही. सदानकदा घाई, जशी काही शेवटची स्कायट्रेन चुकणार आहे. टेक जरा. मला तुला चार शब्द सुनावायचेत, आणि ह्या खेपेला तुला मध्येच चष्मा काढून “लीला, मुद्द्यावर ये” असं म्हणता येणार नाही. तुझ्या जाण्यातून मला एवढा एकच फायदा झालाय. तो तरी पुरता घेऊ दे.

तर मुद्दा. जूनचं ठरलं होतं. तुझ्या तोंडून ठरलं होतं, माझ्या नव्हे. इतकी वर्षं मी मागत होते, तू नाही म्हणत होतीस, आणि शेवटी एकदाची हो म्हणालीस. हो म्हणालीस आणि मार्चमध्ये निघून गेलीस. ह्याला काय म्हणायचं? मी असं कुणाशी वागले असते तर तूच मला वर्षभर ऐकवलं असतंस.

त्या मंगळवारी मी तुमच्या बर्नाबीच्या स्टेशनखाली, कॅनडातल्या मार्चच्या वाऱ्यात उभी होते. मॉलमध्ये जाऊन आपण उन्हाळी सँडल घेणार होतो, आणि जमलं तर तुला एक हॅट. तू काही आली नाहीस. फोन उचलला नाहीस. मग मी निरोप ठेवला, तो मला शब्दन्‌शब्द आठवतो: “कुमुद, वेळ पाळायची अक्कल सगळ्या जगाला शिकवतेस आणि मी इथे गारठतेय. आलीस की बघते तुला.” तुझ्या लेकाने, अभिजितने, तो नंतर ऐकला म्हणे. मला फोन करून म्हणाला, “इट्स ओके, मावशी, तुम्हाला कुठे माहीत होतं.” अरे, ओके कसलं? मी त्यातला एकही शब्द परत घेतलेला नाही. आजही घेत नाही. आलीस की बघते तुला.

आणि हे लोक. जो तो येऊन सांगतो, झोपेत गेली हो, किती छान, पुण्यवान बाई. अगं, जिला वाऱ्यात उभं केलं तिच्या पुण्याचं काय? झोपेत जाणं हे जाणाऱ्याला छान. मागे राहिलेल्याला ते तोंडावर दार लावल्यासारखं असतं. एक शब्द नाही, भांडण नाही, काही नाही. आपलं तर अर्धं भांडण व्हायचं होतं अजून.

अभिजित लंडनहून आला. आपल्या ऑन्टारिओच्या लंडनहून, म्हणजे विमानाने अर्धा दिवस. मुलगा गुणी आहे, त्याच्यावर मला रागावताही येत नाही, हाच तर वैताग आहे. डॉक्टर माणूस, कामाचा झपाटा मोठा. आल्या आल्या तुझा फोन उघडला, वीज बंद, इंटरनेट बंद, जिमचं कार्ड बंद, आणि त्याच हाताने आपल्या जूनच्या ट्रिपचं, सिसिलीतल्या चेफालूचं बुकिंगही बंद. मला सांगताना म्हणतो कसा, “मावशी, तुमच्या ट्रिपचं टेन्शन घेऊ नका. आय टुक केअर ऑफ इट.” जसं काही मी एखादं गळकं नळकोंडाळं होते आणि त्याने प्लंबर बोलावला. माझी खोलीही त्यातच होती, समुद्राकडची, ते त्याच्या ध्यानातही आलं नाही. आई गेली म्हणजे ट्रिप गेली. आईबरोबर जाणारी बाई म्हणजे आईचं सामान.

मी त्याला चहा करून दिला. त्याचे डोळे सुजलेले होते. पण त्या रात्री पोळ्या लाटताना लाटणं इतक्या जोरात आपटलं की माझी लेक मेधा वरून खाली बेसमेंटमध्ये बघायला आली, काय पडलं म्हणून.

आता मागचं काढते. तुला मागचं काढलेलं आवडत नसे, पण ऐक.

आमचे हे, वसंतराव, गेले त्या वर्षी मी कुठे जात नव्हते. दुकानातून घरी, घरातून दुकानात. कपडे आल्टर करायचं ते आमचं दुकान, तुझीच एक साडी फॉल लावायला यायची आणि तू तासभर टेबलाच्या कडेला बसून मला जगाच्या गोष्टी सांगायचीस. तू विद्यापीठात गणित शिकवलेली, मी सांगलीच्या शाळेतून सातवीनंतर बाहेर पडलेली, आणि तरी आपलं जमायचं, कारण दोघींनाही दुसरीचं ऐकून घ्यायची सवय नव्हती. एक दिवस आलीस, साडी-बिडी काही नाही हातात, आणि म्हणालीस, “चल, फेब्रुवारीत सिसिलीला जाऊ.” मी विचारलं, फेब्रुवारीत समुद्रावर काय आहे? तू म्हणालीस, “काही नाही. तेच बघायचंय.”

मला वाटलं, एवढं शिकून बाईचं डोकं फिरलं.

आणि काय दाखवलंस मला तिथे? चेफालूचा तो एवढा लांब किनारा, त्यावर कुत्रंसुद्धा नाही. हॉटेलांच्या खिडक्यांना फळ्या. खुर्च्या एकीवर एक रचून साखळीने बांधलेल्या, छत्र्यांचे नुसते दांडे. रस्त्यावर समुद्राने आणून टाकलेलं काळं शेवाळ आणि वाळू, ती लोटायलाही कुणी नाही. आइस्क्रीमच्या दुकानावर पाटी, ती तू वाचून दाखवलीस, एप्रिलमध्ये भेटू. आणि थंडी! इतकी वर्षं कॅनडात काढली, बर्फ शोव्हल केला, पण मला हाडात थंडी वाजली ती त्या सिसिलीत. घरांना खाली संगमरवर, वर उंच छत, मध्ये हीटर नाही. मी दोन थर्मल, स्वेटर, वर शाल, अशी पांघरुणात, आणि तू समोर बसून छोट्या कुकरवर मेतकूट-भात लावत होतीस आणि गुणगुणत होतीस. मला तुझा इतका संताप आला होता.

आपली मालकीण आग्नेसे, ती तेवढी माणसात होती. चाकांवरची गॅसची शेगडी ढकलत आपल्या खोलीत घेऊन आली. ती इटालियन बोलायची, मी मराठी, आणि मला वाटतं आम्हाला एकमेकींचं तुझ्यापेक्षा जास्त कळायचं. तिने हातवारे करून सांगितलं, उन्हाळ्यात इथे, ह्या खिडकीखाली, बँड वाजतो. सगळे नाचतात. म्हातारेसुद्धा. तिने मला कमरेला धरून तिथल्या तिथे एक गिरकी घ्यायला लावली, शालीसकट. म्हणाली, ये, उन्हाळ्यात ये. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात ते बसलं. आणि तू? तू भातावर तूप सोडत म्हणालीस, “उन्हाळ्यात तिला तुझ्याकडे बघायला वेळ नसेल.”

तिसऱ्या की चौथ्या दिवशी धक्क्याच्या भिंतीवर बसून आपण तिखटमिठाच्या पुऱ्या खात होतो. मी तुला पुरी द्यायला हात पुढे केला आणि मध्येच तो सीगल आला. एवढा थोरला, पिवळी चोच, मागून झेप घेऊन माझ्या हातातली पुरी उचलून नेली, पंख माझ्या गालाला लागला. मी किंचाळले. तू हसलीस. इतकी हसलीस की भिंतीवरून उतरून खाली बसावं लागलं, चष्मा पुसावा लागला. म्हणालीस, “हा इथला इनामदार. सीझनमध्ये बिचाऱ्याला फ्रेंच फ्राइज खाव्या लागतात, आत्ता कुठे मनासारखं काही मिळालं.” जाळं शिवत बसलेला एक कोळी आपल्याकडे बघून हसायला लागला. मग त्याचा शेजारी. मग मीसुद्धा. वसंतराव गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले ती तिथे, त्या ओसाड धक्क्यावर, एका चोर पक्ष्यामुळे. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. आता सांगते. त्याबद्दल तुझे उपकार आहेत, ते आहेतच. पण म्हणून बाकीचं माफ होत नाही.

कारण त्यानंतर दरवर्षी तेच. कधी नोव्हेंबर, कधी फेब्रुवारी. स्पेनमधलं ते किल्ल्याचं गाव, क्रोएशियातलं ते घसरड्या फरशांचं. दरवर्षी मी म्हणायचे, एकदा उन्हाळ्यात जाऊ, आणि तू म्हणायचीस, “सीझनमध्ये गाव गिऱ्हाइकासाठी तोंड रंगवून बसतं. आत्ता ते आपलं आपलं असतं.” मी म्हणायचे, मग मला एकदा रंगवलेलंच बघू दे की. एखादीला नटून बसलेलं गाव आवडूच नये का? आपण भांडायचो, विमानात भांडायचो, बंद संग्रहालयाच्या पायरीवर बसून भांडायचो. त्या क्रोएशियात एकदा दिवसभर बोललो नाही आणि संध्याकाळी एकच उघडं हॉटेल होतं म्हणून एकाच टेबलावर बसावं लागलं. वाढणाऱ्या पोराने आपल्या दोघींमध्ये मेणबत्ती आणून ठेवली.

तेव्हाच तू मला ते महाबळेश्वरचं सांगितलंस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तुझ्या वडिलांचं तिथलं छोटं लॉज, आणि ते लॉज म्हणजेच तुमचं घर. सीझन आला की सगळ्या खोल्या पाहुण्यांना. तुम्ही भावंडं स्वयंपाकघरात, कढयांच्या बाजूला झोपायची. जोरात बोलायचं नाही, पुढच्या व्हरांड्यात यायचं नाही, पाहुण्यांच्या मुलांच्या सायकलीला हात लावायचा नाही. “मे महिन्यात मी माझ्याच घरात चोरासारखी चालायचे,” म्हणालीस. मग पावसाच्या तोंडाला पाहुणे उतरून जायचे, गावातली घरं लोक चारी बाजूंनी गवताने झाकून टाकायचे, बाजार बंद, रस्त्यावर धुकं. आणि तुम्ही सगळ्या खोल्यांतून पळत सुटायचात. प्रत्येक पलंगावर एकेकदा झोपून बघायचात. जून लागला की तुला तुझं घर परत मिळायचं.

मला वाईट वाटलं. खोटं का बोलू, फार वाईट वाटलं. पण त्याच वेळी आतून चीडही आली, आणि मी ती गिळून टाकली, मेणबत्तीकडे बघत बसले. ती आज बाहेर काढते. तुझा जून तुला परत मिळायचा, कुमुद. माझा जून कुठे होता? इथे सरेमध्ये उन्हाळा म्हणजे लग्नं. पंजाबी लग्नं, एकेक लग्न आठवडाभर. लेहंगे, शेरवान्या, ब्राइड्समेडचे एकसारखे आठ गाऊन आणि आठही जणींची मापं निराळी. दुकानाच्या मागच्या खोलीत, टेबलफॅनच्या वाऱ्यात, तोंडात टाचण्या धरून मी सगळे उन्हाळे काढले. बाहेर लोक लेकवर जायचे, मुलांना आइस्क्रीम द्यायचे. मेधा लहानपणी लायब्ररीत वाढली. सुट्टी मिळायची ती हिवाळ्यात, काम नसायचं तेव्हा. तुला ऑफ-सीझन म्हणजे सुटका. मला तेवढंच वाट्याला आलेलं होतं. ज्यातून तू पळालीस ती गर्दी मी कधी बघितलीच नाही, मी फक्त तिचे कपडे शिवले.

हे मी तुला त्या टेबलावर सांगायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण सांगावं कशाला लागलं पाहिजे? तुला दिसत नव्हतं का?

दिसत होतं. तेही खरं. मागच्या नोव्हेंबरात ग्रीसमध्ये, नाफ्प्लिओला, तू औषधाच्या दुकानात गेली होतीस आणि मी समोरच्या बंद टपरीपाशी उभी होते. टपरीवर आइस्क्रीमच्या चित्रांचा बोर्ड होता, उन्हाने उडालेला, गुलाबी रंगाचा पांढरा झालेला. मी नुसती बघत होते. तू केव्हा मागे येऊन उभी राहिलीस मला कळलं नाही.

“किती वर्षं तू अशी बंद खिडक्यांपाशी उभी राहतेस,” तू म्हणालीस. “मला दिसत नाही असं वाटतं का तुला?”

मी म्हटलं, मला काही वाटत नाही.

“ह्या जूनला चेफालू. गर्दीत. बँड, नाच, काय असेल ते. पण मी हॅट घालणार नाही.”

“घालशील,” मी म्हटलं.

झालं एवढंच. पण मी विमानात सगळा वेळ खिडकीतून बघत आले आणि एकदाही भांडले नाही. तू दोनदा विचारलंस, बरं नाही का म्हणून.

आता मला सांग, हे जर मला मिळणारच नव्हतं, तर कबूल कशाला केलंस?

तुझ्या प्रार्थनासभेचं सांगते, म्हणजे तुला कळेल इथे काय चाललंय. कम्युनिटी हॉलमध्ये स्लाइड शो लावला होता. मागे बासरी. पहिलीच स्लाइड, समुद्र, सूर्यास्त, आणि वर इंग्रजीत, शी लव्हड द सी. मी शेजारच्या बाईंना म्हटलं, चूक आहे. त्यांना वाटलं मला हुंदका आला, पाणी आणून दिलं. तुला समुद्र आवडायचा? तू पायाचा अंगठा तरी कधी बुडवलास? तू समुद्राकडे पाठ करून बसायचीस आणि गावाकडे बघायचीस. कोण खिडक्यांना रंग देतंय, कुणाची वाळवण कुठे आहे, पत्ते खेळणाऱ्या म्हाताऱ्यांत आज कोण आलं नाही. चौथ्या दिवशी पाववाला तुला विचारायचा, काल का नाही आलात. त्याच्यासाठी जायचीस तू. मग एकेक जण उठून बोलले. शांत स्वभाव, म्हणे. कुणाला दुखावलं नाही, म्हणे. मी इकडेतिकडे बघितलं, चुकून दुसऱ्या कुणाच्या सभेत तर आले नाही. मला कुणी बोल म्हटलं नाही, आणि बरं झालं.

आणि मग दहावा. इथे तर कहर झाला.

आपल्याकडे दहाव्याला बायका जात नाहीत. इथे जातात, कारण गाड्या त्याच चालवतात. अभिजितला मी आधीच सांगितलं होतं, बाबा, कावळा शिवायला हवा ना, मग बर्नाबी सोडून कुठेही जाऊ नका. रोज संध्याकाळी तुमच्या आईच्या बाल्कनीवरून हजारो कावळे जातात, आकाश काळं होतं. तिथेच तर आपण चहा घेऊन बसायचो, कुमुद, आणि तू म्हणायचीस, बघ, ऑफिस सुटलं. मी म्हटलं, त्यातला एखादा तर ओळखीचा निघेल. पण नाही. पाण्याकाठी हवं, आणि आईला समुद्र आवडायचा, म्हणून सगळे निघाले खाली दक्षिणेला, किनाऱ्यावर. सकाळी. भरतीच्या वेळी.

आपले गुरुजी म्हणजे एरवी सॉफ्टवेअरवाले, शनिवार-रविवार पौरोहित्य करतात. मनापासून करतात, त्यांना नावं ठेवत नाही. त्यांनी पिंड मांडला तो नेमका एका पाटीसमोर. पाटीवर, पक्ष्यांना खायला घालू नका. आणि कावळा? होता ना. एक. लांब ओंडक्यावर बसलेला, आमच्याकडे पाठ करून, जसा काही नात्यातला नाहीच.

मग सुरू झालं कबूल करणं. अभिजित म्हणाला, आई, तुझं घर विकायची घाई करणार नाही. कावळा हलला नाही. सूनबाई म्हणाल्या, मुलांना मराठी शिकवू. कावळ्याने पंख साफ केले. नातू बिचारा म्हणाला, “आजी, आय विल कॉल डॅड मोर,” आणि रडायला लागला. मलाही भरून आलं. पण कावळा काही येईना. वर सीगल्स ओरडत फिरत होते, तो कशाला येतोय मध्ये. सगळे माझ्याकडे बघायला लागले. अभिजित हळूच म्हणाला, “मावशी, तुम्हाला माहीत असेल तिचं काय राहिलं असेल.”

मला माहीत होतं. मी तोंड मिटून उभी राहिले. मुद्दाम. कशाला बोलू? ज्याने कॅन्सल केलं त्याच्यासमोर, पाटीसमोर, सूनबाईंच्या व्हिडिओत? आणि खरं सांगू, राहिलं होतं ते तुझं नव्हतंच. राहिलं होतं ते माझं. त्याला कावळा कसा शिवणार?

तेवढ्यात पार्किंगची भरलेली वेळ संपत आली. गुरुजींनी पिशवीतून एक झिपलॉक काढली. त्यात दर्भाचा कावळा, घरून करून आणलेला. कावळा न आल्यास दर्भाचा लावतात हे मलाही ठाऊक आहे, सोय आहे शास्त्रात, मान्य. पण तो इतका तयार होता की मला सहन होईना. त्यांनी तो पिंडाला लावला, सगळ्यांनी हात जोडले, आणि झालं. कुमुद तृप्त झाली. गाडीकडे चला.

मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, माझा गुडघा. आणि थांबले तिथेच.

पिंडाच्या शेजारी तुझे आवडीचे पदार्थ ठेवले होते. श्रीखंड, बेसनाचे लाडू. श्रीखंड तू शेवटचं कधी खाल्लंस देव जाणे. मी तिखटमिठाच्या पुऱ्या नेल्या होत्या. सूनबाई म्हणाल्या होत्या, मावशी, बीचवर तळलेलं नको, पण मी एक ठेवलीच होती कोपऱ्यात. तर मी तिथे उभी राहिले, आजूबाजूला कुणी नव्हतं, आणि मोठ्याने म्हटलं, तुला कसं खडसावून म्हणायचे तसं म्हटलं:

“कुमुद, जूनला मी जाते आहे. तू काय करायचं ते तू बघ.”

मी अजून वाक्य पुरं करून श्वास घेतला नाही तोच मागून पंख लागला. गालाला, त्याच बाजूला. एवढा थोरला सीगल. श्रीखंडाकडे बघितलं नाही, लाडवाकडे नाही, पिंडाकडे नाही. पुरी उचलली आणि गेला.

मी तिथे ओल्या वाळूत बसले आणि हसले. इतकी हसले की तो ओंडक्यावरचा कावळा उडून गेला.

गाडीत मी सगळ्यांना सांगितलं. गुरुजी मागच्या सीटवरून फार आदराने म्हणाले, “काकू, शास्त्रात सीगल नाही.” मी म्हटलं, “शास्त्रात पार्किंग तरी कुठे आहे?” अभिजित गाडी चालवत होता. तो हसला, मग हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला आणि त्याने गाडी बाजूला घेतली. स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मग म्हणाला, “मावशी, तुम्हाला खरंच जायचं होतं?”

“जायचं होतं नाही. जायचंय.”

“एकट्या?”

मी म्हटलं, गाडी काढ आता. त्याने मला रात्री फोन करून सॉरी म्हटलं, आणि पुन्हा बुकिंग करून देतो म्हणाला. मी म्हटलं, नको, तू केअर घेऊ नकोस, माझं मी बघते. मेधाचं तर वेगळंच प्रकरण. एरवी पोरगी इंग्रजीशिवाय बोलत नाही, त्या दिवशी स्वच्छ मराठीत म्हणाली, तुझं वय काय, गुडघे काय, उन्हात पडलीस म्हणजे? मी म्हटलं, थंडीत, घसरड्या फरशांवर इतकी वर्षं पडले नाही ती उन्हात पडेन? तेव्हा कुणी विचारलं नाही. कारण तेव्हा तू बरोबर होतीस, आणि तुला सगळे घाबरायचे. मला कोण घाबरतं? आता घाबरतील. शिकवीन.

परवा मी आग्नेसेला फोन केला. स्वतः केला, दुकानातलं माझं इंग्रजी, तिचं इटालियन, दोघींचं ओरडणं. मेधा जिन्यात उभी राहून ऐकत होती, मला दिसत होतं. जून म्हटल्यावर आग्नेसे जे काही बोलत सुटली त्यातलं मला एवढंच कळलं की बँड आहे आणि खिडकीखालचीच खोली देते. मग तिने विचारलं, दुसरी? चष्मेवाली?

मला सांगता आलं असतं. मरण कळायला भाषा लागत नाही, सुरात कळतं. पण माझ्या तोंडून ते निघेना. मी म्हटलं, ती मागून येतेय.

आता हे मी बोलून बसलेय, कुमुद. आता तू मला खोटं पाडू नकोस.

मी विचार केलाय. तुला गर्दी नको, मला हवी. इतकी वर्षं भांडलो, पण एक गोष्ट दोघींच्याही डोक्यात आली नाही. भर सीझनमध्येसुद्धा रोज सकाळी गाव बंदच असणार ना? आदल्या रात्री नाचून सगळे मेल्यासारखे झोपलेले. खुर्च्या उलट्या टेबलांवर, छत्र्या मिटलेल्या, पाववाला तेवढा जागा. तो तुझा वेळ. नंतर दुकानं उघडली, पोरं आली, आइस्क्रीम आलं, की तो माझा. तेव्हा तू जा खुशाल, तुझ्या घाईने, दारात उभं राहून न बोलता जा. मी संध्याकाळी आग्नेसेबरोबर नाचेन, गुडघ्यासकट, आणि तुला बोलावणार नाही.

हॅट मी घेतलीय, तुझ्यासाठीच. रुंद काठाची, तुला मुळीच शोभणार नाही अशी. ती शेजारी ठेवीन, वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगड ठेवीन.

धक्क्याची ती भिंत तुला माहीत आहे. मी पहाटेच्या उजेडात तिथे येऊन बसेन, समुद्राकडे पाठ करून, तुझ्यासारखी. पुऱ्या फॉइलमध्ये असतील, एक उघडी मांडून ठेवीन. पंखाने गालाला लागलीस तरी चालेल, मी ओरडणार नाही. पण उशीर करू नकोस गं, ह्या वेळी तरी वाऱ्यात उभी करू नकोस. दुकानं उघडायच्या आत ये.